दोन लिंक घेतल्या, मग स्पीड दुप्पट का दिसत नाही?

ऑफिस आणि कारखाना जोडण्यासाठी आमच्याकडून दोन लिंक घेतलेल्या ग्राहकांसाठी माहिती

दुसरी लिंक सुरू झाली की पहिल्या आठवड्यातच बहुतेकांचा फोन येतो. "दोन्ही लिंक १००-१०० एमबीपीएसच्या आहेत ना? मग फाइल कॉपी करताना आकडा सेकंदाला ११ एमबीच्या वर का सरकत नाही?" (एमबीपीएस बिटांत मोजतात आणि एमबी बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएसची एक लिंक सेकंदाला ११ एमबीच्या आसपासच देते.) प्रश्न रास्त आहे, पैसे दोन लिंकचे मोजलेत. म्हणून आत काय चालतं ते नीट सांगतो.

तुमच्या दोन्ही टोकांच्या राउटरांत ओएसपीएफ, म्हणजे वाटा शोधणारी पद्धत, चालते. पलीकडे जायला किती वाटा आहेत आणि प्रत्येक वाटेचा 'कॉस्ट' किती, हे ती काढते. दोन वाटांचा कॉस्ट सारखा निघाला तर राउटर एकीला राखीव न ठेवता दोन्ही वापरतो. यालाच इक्वल कॉस्ट मल्टिपाथ, थोडक्यात ईसीएमपी म्हणतात.

एक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) इकडून, पुढचं तिकडून अशी वाटणी करता येते, पण आम्ही ती मुद्दाम करत नाही. दोन लिंकना लागणारा वेळ अगदी सारखा क्वचितच असतो. एक फायबर लांबच्या खांबांवरून फिरून आलेली असते. मग पाचवं, सहावं, सातवं पॅकेट चौथ्याच्या आधी पोचतं. चौथं न मिळाल्याची तीच पोच तीनदा जास्तीची परत आली की टीसीपी (डेटा पूर्ण आणि क्रमाने पोचवण्याची पद्धत) समजतं, ते हरवलं. ते पुन्हा पाठवतं आणि स्वतःचा वेगही उतरवतं. दोन लिंक असून काम एकीपेक्षा मंद चालतं.

म्हणून राउटर अख्खं कनेक्शन, म्हणजे दोन मशीनमधल्या एका कामाची सगळी पॅकेट, एकाच लिंकवर ठेवतो. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयपी पत्ता, दोघांचे पोर्ट (मशीनमधलं प्रत्येक काम ओळखण्याचा क्रमांक) आणि प्रोटोकॉल (टीसीपी किंवा दुसरी पद्धत) या पाच गोष्टींवरून तो एक आकडा काढतो (याला हॅश म्हणतात) आणि त्या आकड्यावरून लिंक ठरते. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी पुण्याहून दिवे घाटातून सासवडला जाते, तुकोबांची लोणी काळभोरकडून यवतला. दोन्ही पंढरपूरलाच पोचतात, पण एकच दिंडी अर्धी या वाटेने आणि अर्धी त्या वाटेने चालत नाही.

आता तुमची ४० जीबीची बॅकअप फाइल घ्या. १०० एमबीपीएसवर तिला साधारण तासभर लागतो, आणि दोन लिंक असल्या तरी तासभरच. फरक पडतो तो तिच्या जोडीला चाललेल्या बाकीच्या कामांना: टॅली, कॅमेरे, व्हिडिओ कॉल. त्यांतली बरीचशी दुसऱ्या लिंकवर जातात. एकाच पीसीवर कॉपीच्या दोन खिडक्या उघडूनही उपयोग होत नाही, कारण विंडोज त्याच सर्व्हरसाठी साधारणपणे तेच कनेक्शन वापरतं. चार वेगळ्या पीसींवरून चार कॉपी लावल्या तर वाटणी होते, पण दोन-दोन अशीच होईल याची खात्री नाही. हिशेबाने आठातून एकदा चारही एकाच लिंकवर जाऊन बसतात. कनेक्शन जितकी जास्त, तितकी वाटणी समान होत जाते.

पोर्ट धरून वाटणी करणं आम्ही मुद्दाम चालू करतो. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरांत ही सोय २०१७ च्या ४.१२ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) आहे, पण मुळात ती बंद असते आणि फक्त दोन पत्ते पाहिले जातात. तसं राहिलं तर एका पीसीचं एका सर्व्हरशी चाललेलं सगळं काम एकाच लिंकवर अडकतं.

एक बिघाड मात्र फार चकवतो. एका ग्राहकाकडे टॅली कधी लगेच उघडायचं, कधी नुसतं फिरत राहायचं, आणि बंद करून पुन्हा उघडलं की चालायचं. पिंग मारला (समोरचं मशीन उत्तर देतं का ते पाहिलं) तर एकही पॅकेट गळत नव्हतं. आम्ही आधी पीसी पाहिले, मग सर्व्हर, दोन दिवस त्यातच गेले. दोष होता एका फायबरच्या कनेक्टरवर बसलेल्या धुळीचा. लिंक चालू दिसत होती, पण पॅकेट खराब होत होती. टॅली पुन्हा उघडताना नवा पोर्ट मिळतो, म्हणून कधी चांगली लिंक वाट्याला येते, कधी खराब. पिंगला पोर्टच नसतो, म्हणून त्याच दोन मशीनमधला पिंग दर वेळी एकाच लिंकवरून जातो. तिथे तो नेमका चांगलीवरून जात होता. तेव्हापासून आम्ही दोन्ही लिंकचे एरर काउंटर वेगवेगळे तपासतो. तुम्हीही तक्रार करताना 'नेट स्लो आहे' एवढंच न सांगता कोणत्या मशीनवरून कोणत्या मशीनकडे, किती वाजता आणि पुन्हा उघडल्यावर चाललं का, हे सांगा. त्यावरून अर्धा शोध फोनवरच लागतो.

पुढेमागे एकच लिंक १ जीबीपीएसची करणार असाल तर आधी कळवा. अनेक राउटरांत ओएसपीएफचा कॉस्ट १०० एमबीपीएस हे माप धरून निघतो आणि १ च्या खाली जात नाही. म्हणून १०० एमबीपीएस आणि १ जीबीपीएस दोन्हींचा कॉस्ट १ च येतो. राउटर त्यांना सारखं समजून निम्मी निम्मी कनेक्शन वाटतो आणि लहान लिंक तुंबते. हे माप दोन्ही टोकांना बदलावं लागतं.

एक लिंक तुटली तर सगळं दुसरीवर जातं. पत्ते तेच राहतात, त्यामुळे चालू काम सहसा तुटत नाही. पण मध्ये मीडिया कन्व्हर्टर (फायबर साध्या नेटवर्क केबलला जोडणारा डबा) असेल तर फायबर तुटूनही राउटरला केबलचं तोंड चालू दिसू शकतं, आणि नेहमीच्या सेटिंगला लिंक गेल्याचं कळायला ओएसपीएफ ४० सेकंद घेतं. तेवढा वेळ त्या लिंकवरची कामं थिजतात. हे टाळायला जिथे राउटरमध्ये सोय आहे तिथे आम्ही बीएफडी (लिंक जिवंत आहे का ते सतत झटपट तपासणारी सोय) चालू करतो. मग दीड-दोन सेकंदांत बदल होतो.

दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट घेतलं असेल तर ही वाटणी तिथे जशीच्या तशी लावू नका. प्रत्येक लाइनवर तुमचा बाहेरचा पत्ता वेगळा दिसतो, आणि बँकेची साइट मधेच लॉगआउट करू शकते. अशा साइटी आम्ही एकाच लाइनवर बांधून देतो. त्यांची यादी अकाउंट्स विभागाकडून घेऊन आमच्या इंजिनिअरला द्या.