पार्श्वभूमी : लाडक्या कुत्र्याचा क्लोन करावा का?

नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीतील शेजारच्या काकूंचा १४ वर्षांचा लॅब्रॅडॉर हल्ली जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबतो आणि कोणी पाठीला हात लावेपर्यंत हलत नाही. पुढे त्याचा क्लोन, म्हणजे त्याचीच जनुके असलेले पिल्लू, करता यावा म्हणून त्याच्या कातडीचा नमुना जपून ठेवावा का, हा प्रश्न त्या घरात खरोखर चर्चेत आहे.

या प्रश्नाची सुरुवात ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडच्या रॉस्लिन संस्थेत झाली. प्रौढ मेंढीच्या कासेतील पेशी, केंद्रक काढून टाकलेल्या बीजांडाशी जोडून डॉली ही क्लोन मेंढी जन्माला आली. २७७ प्रयत्नांतून ती एकटीच. पुढे अमेरिकेत उद्योजक जॉन स्पर्लिंग यांनी ‘मिसी’ या कुत्रीच्या क्लोनसाठी टेक्सास ए अँड एम विद्यापीठाला पैसा पुरवला. पण डिसेंबर २००१ मध्ये तिथे जन्मले ते मांजरीचे पिल्लू, ‘सीसी’. तिची मूळ मांजर तिरंगी होती, सीसीच्या अंगावर मात्र नारिंगी रंग नव्हताच. मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक निष्क्रिय असते, मांजरीचा नारिंगी रंग याच गुणसूत्रावरील जनुकावर ठरतो, आणि ज्या पेशीपासून सीसी घडली तिच्यात नारिंगीचे गुणसूत्र बंद होते. जनुके तीच असूनही रूपसुद्धा तेच येत नाही, हे पहिल्याच पाळीव क्लोनने दाखवून दिले. स्वभावाची हमी कोण देणार?

कुत्र्याचे काम अधिक कठीण, कारण कुत्रीचे बीजांड अपक्व अवस्थेतच बाहेर पडते. २००५ साली दक्षिण कोरियातील सोलमध्ये ‘स्नप्पी’ हा पहिला क्लोन कुत्रा जन्मला, तेव्हा १,०९५ भ्रूण १२३ कुत्र्यांच्या गर्भाशयांत सोडले होते. जन्मलेल्या दोन पिल्लांपैकी एक तिसऱ्या आठवड्यानंतर न्यूमोनियाने गेले. प्रमुख संशोधक ह्वांग वू-सुक यांचे मानवी मूलपेशींचे दावे खोटे ठरले, स्नप्पी मात्र खरा निघाला. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने २००९ मध्ये म्हशीचे क्लोन केले, पण ते दुधासाठी, विरहासाठी नव्हे.

अमेरिकेत २००४ मध्ये एका मांजरीच्या क्लोनला ५०,००० डॉलर मोजले गेले आणि तेव्हापासून हा व्यवसाय झाला. नमुना घ्यायचाच असेल तर तो शक्यतो जिवंतपणी घ्यावा. मृत्यूनंतर शरीर थंड ठेवावे, पण गोठवू नये, नाहीतर पेशी फुटतात. मला स्वतःला मात्र त्या १२३ कुत्र्यांचा विसर पडत नाही, आणि काकूंना मी तेच सांगितले: स्नप्पीला पोटात वाढवणारी कुत्रीसुद्धा लॅब्रॅडॉरच होती.