हॅमस्टरची हाताची भीती जाते कशी?

नवा हॅमस्टर घरी आला की पहिल्याच संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाला त्याला हातात घ्यायचं असतं. पिंजऱ्याचं झाकण उघडतं, वरून एक हात खाली येतो आणि तो इवलासा जीव एक तर जागीच थिजतो, नाहीतर कोपऱ्यात धूम ठोकतो, नाहीतर सरळ बोटाला चावा घेतो. ‘चावरा निघाला!’ असा शेराही लगेच मारला जातो. खरं तर त्याने अगदी योग्य तेच केलेलं असतं. डोक्यावरून झपकन खाली येणारी मोठी, हलती वस्तू म्हणजे शिकारी पक्षी, हे त्याच्या मज्जासंस्थेत फार पूर्वीपासून पक्कं बसलेलं आहे. ज्या हॅमस्टरांनी अशा वेळी ‘बघू या तरी काय आहे’ म्हणून मान वर केली, त्यांची वंशावळ पुढे गेली नाही.

घरोघरी दिसणारा मोठा हॅमस्टर हा सोनेरी किंवा सीरियन हॅमस्टर. जॉर्ज वॉटरहाउस या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८३९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, पण पाळीव म्हणून त्याचा इतिहास सुरू होतो १९३० पासून. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या सॉल अॅडलर यांना लीशमॅनिया या परजीवीच्या अभ्यासासाठी एक प्रयोगप्राणी हवा होता. त्यांच्या सांगण्यावरून इस्राएल अहारोनी यांनी सीरियातल्या अलेप्पोजवळ शेतातलं एक बीळ खणून काढलं. आत एक मादी आणि तिची अकरा पिल्लं सापडली. पेटीत ठेवताच त्या मादीने स्वतःच्या एका पिल्लाला मारून टाकलं. पुढे काही पिल्लं निसटली, काही मेली, आणि उरलेल्या मोजक्या भावंडांपासून प्रयोगशाळेत वंश वाढला. आजचे जवळपास सगळे पाळीव सीरियन हॅमस्टर त्याच एका बिळाचे वारस मानले जातात.

याचा अर्थ असा की माणसाबरोबर राहायला लागून या प्राण्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. कुत्र्याच्या मागे माणसाच्या सहवासाची हजारो वर्षं आहेत आणि त्या काळात माणसाशी जुळवून घेणारे कुत्रे टिकत गेले. हॅमस्टरच्या बाबतीत पिढ्यांनी आयतं करून ठेवलेलं काम फार थोडं आहे. ते प्रत्येक हॅमस्टरमागे नव्याने करावं लागतं, आणि तेही त्याच्या दोन-तीन वर्षांच्या आयुष्यात.

शिवाय कुत्रा मुळात कळपातला. सोबत हेच त्याचं बक्षीस असतं. सीरियन हॅमस्टर एकलकोंडा. गेल्या शतकाच्या अखेरीस संशोधकांनी सीरियात या जंगली हॅमस्टरांची बिळं शोधून तपासली तेव्हा एका बिळात एकच प्रौढ प्राणी सापडला, आणि दोन राहत्या बिळांमध्ये शंभर मीटरहून जास्त अंतर होतं. शेजारीसुद्धा नको असलेला हा प्राणी. ‘एकटा कंटाळेल’ म्हणून त्याच्या पिंजऱ्यात दुसरा सीरियन सोडला तर मारामारी ठरलेली, आणि ती एखाद्याच्या जिवावरही बेतते. म्हणून हॅमस्टर माणसाळतो तेव्हा त्याला आपला लळा लागतो असं म्हणायला मी कचरतो. घडतं ते इतकंच की धोक्याच्या यादीतून आपला हात हळूहळू वगळला जातो आणि मग खाऊच्या यादीत जाऊन बसतो. हे ऐकून कुणी हिरमुसेल, पण एवढं ध्यानात घेतलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

भीती ओसरण्याची सर्वांत साधी प्रक्रिया म्हणजे सरावणं. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा घडते आणि तिच्यामुळे काहीच बिघडत नाही, तेव्हा मज्जासंस्था तिला प्रतिसाद देणं कमी करते. एरिक कँडल यांनी समुद्री गोगलगायीवर हे पेशींच्या पातळीवर दाखवलं. तिला हलकेच स्पर्श केला की ती आपले कल्ले आत ओढून घेते, पण तोच स्पर्श होत राहिला की संवेदना वाहून नेणारी चेतापेशी रासायनिक संदेश कमी कमी सोडू लागते आणि कल्ले ओढणं मंदावतं. त्याच गोगलगायीच्या शेपटीला विजेचा झटका दिला की नेमकं उलट होतं, आणि मग हलका स्पर्शही तिला दचकवतो. स्मृतीवरच्या या कामासाठी कँडल यांना २००० साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. हॅमस्टरचा मेंदू कितीतरी गुंतागुंतीचा असला तरी हे दोन रस्ते त्याच्यातही आहेत. हात सौम्यपणे, वारंवार आणि निरुपद्रवी राहून समोर आला तर सराव होतो. तोच हात जोरात आला, पकडून गेला, तर पुढच्या वेळी नुसती सावलीही पुरते.

हा दुसरा रस्ता हॅमस्टरमध्ये किती पक्का असतो याचा पुरावा थेट त्याच्यावरच्याच प्रयोगांतून मिळालेला आहे. अनोळखी नराशी झालेल्या भांडणात एकदा हरलेला सीरियन नर पुढे लहान आणि अजिबात न भांडणाऱ्या हॅमस्टरसमोरही पळ काढतो. स्वतःच्याच पिंजऱ्यात असूनही तो हद्द राखत नाही. एका पराभवाचा हा परिणाम अनेक नरांमध्ये कित्येक आठवडे टिकतो, आणि मेंदूतल्या अमिग्डाला या भीतीशी निगडित भागाचा त्यात मोठा वाटा आहे. हे प्रयोग हॅमस्टर विरुद्ध हॅमस्टर असे आहेत हे खरं, पण पिंजराभर पाठलाग करून त्याला ‘एकदाचं’ पकडणाऱ्याने ते जरूर लक्षात घ्यावेत. आपल्याला वाटतं, आज पकडलं, उद्या सवय होईल. त्याच्या मेंदूत मात्र वेगळीच नोंद होते.

मग पहिले काही दिवस काय करायचं? खरं सांगायचं तर फारसं काहीच नाही. अन्न-पाणी बदलायचं, जवळ बसून हळू आवाजात बोलायचं आणि पिंजऱ्यात हात फिरवायचा नाही. या काळात तो नव्या जागेवर स्वतःच्या वासाची मोहोर उमटवत असतो. सीरियन हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर गंधग्रंथी असतात आणि तो कडेकडेने अंग घासत चालतो ते त्यासाठीच. हॅमस्टर वासावरून एकेका प्राण्याची वेगवेगळी ओळख ठेवू शकतात हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे आपली ओळखही नाकातूनच करून द्यावी हे बरं. हातात धरून वास लागलेला साध्या, बिनसुगंधी टिश्यू पेपरचा तुकडा घराशी ठेवला तर तो बहुतेकदा ओढून घरट्यात नेतो. पिंजरा दर आठवड्याला घासूनपुसून लखलखीत करण्याची हौस मात्र आवरावी. सगळा भुसा एकदम बदलला की त्याच्या दृष्टीने घरच बदलतं. मळलेला भाग काढून बाकीचा थोडा जुना भुसा राहू द्यावा.

भुशाचा विषय निघालाच आहे, तर थोडं आणखी. स्वित्झर्लंडमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोनेरी हॅमस्टर १०, ४० आणि ८० सेंटिमीटर खोल भुशावर ठेवून पाहिले होते. १० सेंटिमीटरवाले पिंजऱ्याच्या तारा सर्वांत जास्त कुरतडत होते. खोल भुसा मिळालेल्यांनी बोगदे खणले, आणि ८० सेंटिमीटरवाल्यांनी तारांना दातच लावले नाहीत. तारा कुरतडणं हे बेचैनीचं लक्षण, आणि बेचैन प्राणी नवं काही शिकायच्या मनःस्थितीत नसतो. हातावर येत नाही म्हणून तक्रार करण्याआधी त्याला लपायला जागा आहे का, हे पाहावं. लपता येतं याची खात्री असलेला हॅमस्टरच बाहेर डोकावायचं धाडस करतो.

वेळ संध्याकाळची किंवा रात्रीची, तो आपणहून जागा झाल्यावरची. इथे एक गंमत आहे. दक्षिण तुर्कस्तानात रानातल्या माद्यांच्या हालचाली नोंदल्या गेल्या, तेव्हा त्या चक्क दिवसाउजेडी बिळाबाहेर येताना आढळल्या, आणि त्याही रोज जेमतेम तासभर. पिंजऱ्यात मात्र हा प्राणी रात्रीच धावतो. तेव्हा पुस्तकी वेळापत्रक न पाहता आपल्या हॅमस्टरचं पाहावं. झोपेतून उठवलेला हॅमस्टर चावतोच, आणि तो गुन्हा उठवणाऱ्याचा.

तो आपल्या आवाजाने पळेनासा झाला की तळहात वर करून पिंजऱ्यात भुशावर टेकवून ठेवायचा आणि हलवायचा नाही. शेजारी सूर्यफुलाची बी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बी बोटांच्या टोकाशी, मग तळहाताच्या मध्यावर, मग मनगटाकडे. सुरुवातीला तो बी गालपिशवीत कोंबून पसार होतो. त्याच्या गालपिशव्या पार खांद्यापर्यंत जातात, त्यामुळे लूट करून पळणं हा त्याचा स्वभावच आहे. तिथेच बसून बी सोलून खाऊ लागला की मोठी मजल मारली असं समजावं. खाण्याचा वास लागलेला हात मात्र आधी धुवावा, पण दर वेळी एकाच साबणाने. हॅमस्टरला बोट आणि गाजर यांतला फरक मुख्यतः नाकच सांगतं.

उचलण्याच्या पद्धतीबद्दल उंदरांवरचा एक अभ्यास फार बोलका आहे. जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० साली दाखवलं की शेपटी धरून उचललेले उंदीर माणसाच्या हाताला टाळतात आणि एकूणच भेदरलेले राहतात. नळीत शिरवून किंवा ओंजळीत घेऊन उचललेले उंदीर मात्र पुढे स्वतःहून हाताजवळ येतात. उंदीर तेच, हातही तेच, बदलली ती फक्त उचलण्याची रीत. हॅमस्टरच्या बाबतीत हे जसंच्या तसं वापरता येतं. पुठ्ठ्याची रुंद नळी किंवा आडवा मग समोर ठेवावा, तो कुतूहलाने आत शिरतो, मग दोन्ही टोकं हाताने झाकून उचलावं. हाताची सवय झाल्यावर दोन्ही बाजूंनी हात सरकवून खालून ओंजळ करावी. वरून पंजा कधीच नाही. मानेची सैल कातडी धरून उचलण्याचं काम पशुवैद्यांवर सोडावं.

हातात घेतल्यावर आपण जमिनीवरच बसलेलं असावं. हॅमस्टरला उंचीचा अंदाज नीट येत नाही, टेबलाच्या कडेवरून तो बेधडक पुढे चालत जातो, आणि एवढ्याशा शरीराला कमरेइतक्या उंचीवरून पडणंही हाड मोडायला पुरेसं असतं. पहिल्या भेटी एक-दोन मिनिटांच्या ठेवाव्यात आणि तो शांत असतानाच संपवाव्यात. एका हातावरून दुसऱ्यावर चालू देणं सगळ्यात चांगलं, कारण चालणारा हॅमस्टर अडकलेला नसतो. लहान मुलांना त्याला मुठीत धरायला देऊ नये. त्यांनी जमिनीवर मांडी घालून बसावं आणि त्याला अंगावरून फिरू द्यावं.

चावलाच तर हात झटकू नये. झटक्याने तो दूर फेकला जातो आणि वर चावल्यामुळे सुटका होते हा धडाही पक्का होतो. हात हळूच खाली टेकवावा आणि त्याला उतरू द्यावं. नाकावर फुंकर मारणं, टिचकी देणं हे उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात, पण त्यातून तो एवढंच शिकतो की हाताबद्दलची त्याची मूळ शंका रास्त होती. चावण्याआधी इशारे येतातच. कान मागे पडतात, अंग जमिनीलगत चपटं होतं, दात कटकटतात, कधी तो पाठीवर पडून चिरकतो. यांतलं काहीही दिसलं की त्या दिवशी थांबावं. उलट जांभई देत अंग ताणणारा हॅमस्टर निवांत असतो.

सगळे हॅमस्टर सारखेही नसतात. सीरियन मोठा आणि तुलनेने संथ असल्यामुळे हाताळायला सोपा. बुटक्या जातींपैकी रोबोरोव्स्की इतका चपळ असतो की तो हातात ठरतच नाही. त्याला मोठ्या पिंजऱ्यात पळताना पाहण्यातच मजा आहे, आणि तेवढ्यावर समाधान मानावं असं मला वाटतं. दुकानातून आणलेली मादी कधी गाभण निघते. सीरियन हॅमस्टरचा गर्भकाळ जेमतेम सोळा दिवसांचा. पिल्लं झाली तर सगळे प्रयोग बंद करून तिला दोन आठवडे तरी अजिबात छेडू नये. अलेप्पोच्या मादीने पेटीत जे केलं, ते घाबरलेली कुठलीही मादी करू शकते.

हाताळण्याआधी आणि नंतर हात धुणं दोघांच्याही भल्याचं. हॅमस्टरमधून साल्मोनेला जिवाणू माणसात येऊ शकतात. एलसीएमव्ही नावाचा एक विषाणूही क्वचित येतो आणि तो गर्भाला घातक ठरू शकतो, म्हणून गरोदर स्त्रियांनी पिंजरा साफ करण्याचं काम दुसऱ्यावर सोपवावं. थंडीत हॅमस्टर गारठून निपचित पडला तर तो मेला असं लगेच ठरवू नये. थंडी आणि लहान दिवस यांमुळे त्याचं शरीर सुप्तावस्थेत जाऊ शकतं. खोली हळूहळू उबदार करावी आणि पशुवैद्यांना गाठावं. आणि महिनोन्महिने हातावर येणारा हॅमस्टर एके दिवशी अचानक चावायला लागला, तर त्याच्या शिकवणीत काही राहून गेलं असं समजू नका. आधी त्याचे दात, डोळे आणि शेपटीखालचा भाग तपासून घ्या. समोरचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि वाकडे वाढले की तोंडात रुततात. पार्श्वभाग ओला दिसला तर ती जुलाबाची खूण असते आणि तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं लागतं.