रिपोर्टमधला चेकबॉक्स: क्वेरी आणि फॉर्म यांच्या गाठीचा इतिहास

वेब ॲप्लिकेशनमधील रिपोर्टच्या प्रत्येक ओळीसमोर चेकबॉक्स ठेवावा आणि टिक केलेल्या ओळींवर एकदम कारवाई व्हावी, ही मागणी वरवर किरकोळ वाटते. प्रत्यक्षात या चौकटीपाशी स्वतंत्रपणे वाढलेल्या दोन परंपरांची गाठ पडते: माहितीकडे संच म्हणून पाहणारी क्वेरीची, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाची, भाषा आणि रिकाम्या चौकटीबद्दल अवाक्षरही न काढणारा, वेबपाने लिहिण्याच्या एचटीएमएल भाषेतला फॉर्म.

आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी जून १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत ठेवण्याची पद्धत, मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. टेबलातील ओळींना अंगभूत क्रम नसतो आणि एखादी ओळ ओळखायची ती तिच्या जागेवरून नव्हे, तर तिच्यातील किल्लीच्या, म्हणजे प्रत्येक ओळीत वेगळ्या असणाऱ्या ओळखक्रमांकासारख्या, मूल्यावरून, हा त्या मांडणीचा गाभा होता. त्याच संस्थेतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये या मॉडेलवर आधारलेली ‘सीक्वेल’ ही भाषा सादर केली. व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळे पुढे तिचे नाव ‘एसक्यूएल’ झाले. १९७९ मध्ये डेटाबेस बनवणाऱ्या ओरॅकल कंपनीने ती बाजारात आणली आणि १९८६ मध्ये तिला अमेरिकी मानक म्हणून मान्यता मिळाली. काय हवे ते सांगायचे, ते कसे शोधायचे हे डेटाबेसवर सोडायचे, ही सवय प्रोग्रामरांना या भाषेने लावली.

चेकबॉक्स आला तो मात्र वेगळ्या वाटेने. नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत फॉर्मचे नियम नोंदवले गेले आणि त्यांतला एक असा, की टिक केलेल्या चौकटीचेच नाव व मूल्य सर्व्हरकडे जाते. टिक नसलेली चौकट ‘नाही’ असेही कळवत नाही. एखाद्या सुट्या प्रश्नासाठी हा नियम पुरेसा होता, पण ओळींच्या रिपोर्टमध्ये त्याने बराच घोळ घातला.

तो घोळ वेब ॲप्लिकेशन बनवण्याच्या ओरॅकलच्या ‘एपेक्स’ या साधनाच्या इतिहासात स्पष्ट दिसतो. माइक हिचवा यांच्या पुढाकारातून घडलेले हे साधन २००४ मध्ये ‘एचटीएमएल डीबी’ या नावाने बाहेर आले आणि २००६ मध्ये त्याचे ‘ॲप्लिकेशन एक्स्प्रेस’ झाले. त्यात क्वेरीमध्येच एक फंक्शन लिहून चेकबॉक्सचा कॉलम तयार करता येत असे. पान सबमिट झाले की टिक केलेली मूल्ये ‘एफ०१’ ते ‘एफ५०’ अशा नावांच्या ॲरेंमध्ये, म्हणजे मूल्यांच्या क्रमवार याद्यांमध्ये, मिळत. ओरॅकलच्या सुपरिचित ‘ईएमपी’ या नमुना टेबलात १४ कर्मचारी आहेत. क्रमांकानुसार लावलेल्या यादीत तिसऱ्या ओळीवरील वॉर्ड आणि नवव्या ओळीवरील किंग यांना टिक केले, तर चेकबॉक्सच्या ॲरेत दोनच मूल्ये येतात, तर शेजारच्या पगाराच्या रकान्याच्या ॲरेत १४. दोन्ही ॲरे समांतर आहेत असे धरून एकेका मूल्यावर लूप चालवणाऱ्याने दिलेली पगारवाढ मग पहिल्या दोन ओळींवरील स्मिथ आणि ॲलन यांच्या पदरात पडते. एररही येत नाही, त्यामुळे चूक पगारपत्रक निघेपर्यंत लपून राहू शकते.

उपाय कॉड यांच्या मूळ विचारातच होता. चेकबॉक्सचे मूल्य म्हणून ओळीचा अनुक्रमांक न ठेवता किल्ली ठेवावी, म्हणजे वॉर्डसाठी ७५२१ आणि किंगसाठी ७८३९, आणि अपडेट त्या किल्लीवरूनच करावे. आधी केलेली टिक काढली गेली हेही ओळखायचे असेल, तर पानावर दाखवलेल्या सर्व किल्ल्या लपवलेल्या रकान्यात वेगळ्या पाठवाव्या लागतात. मौनाचा अर्थ लावण्याची ती एक जुनी, काहीशी ओबडधोबड पण खात्रीची रीत आहे. रिपोर्टचे पुढचे पान उघडताच आधीच्या पानावरील टिका नाहीशा होणे हा मात्र फॉर्म सबमिट न होण्याचा परिणाम होता, कारण त्या सर्व्हरला कधी कळवल्याच गेल्या नव्हत्या; म्हणून निवड सेशनमधील कलेक्शनमध्ये, म्हणजे वापरकर्त्याच्या त्या भेटीपुरत्या सर्व्हरवरील तात्पुरत्या साठ्यात, साठवण्याचा प्रघात पडला.

निवडलेल्या किल्ल्या स्वल्पविरामांनी जोडून क्वेरीच्या मजकुरात चिकटवण्याचा मार्ग सोपा होता आणि घातकही. ब्राउझरमधून येणारे मूल्य बदलता येते, त्यामुळे अशी क्वेरी एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे क्वेरीत परक्याचा आदेश घुसवण्याला, दार उघडून देते. क्वेरीतून थेट एचटीएमएल बाहेर काढण्याचीही किंमत होती: चौकट दिसावी म्हणून त्या कॉलममधील विशेष चिन्हे साधा मजकूर म्हणूनच दाखवणारे संरक्षण बंद करावे लागे, आणि त्याच कॉलममध्ये वापरकर्त्याचा मजकूर जोडला गेला तर परक्याची स्क्रिप्ट पानावर चालू शकत असे. माहिती आणि तिची मांडणी एकाच सिलेक्टमध्ये (माहिती मागवणाऱ्या क्वेरीत) कोंबणे, माझ्या मते, या पद्धतीचे मूळ दुखणे होते.

२०१६च्या अखेरीस आलेल्या एपेक्स ५.१ मधील इंटरॲक्टिव्ह ग्रिड या संपादन करता येणाऱ्या तक्त्याने ओळ निवडण्याची चौकट स्वतःच पुरवली आणि तिची सांगड ओळीच्या किल्लीशी घातली. क्वेरीने पुन्हा केवळ माहिती आणावी, हे त्यामुळे शक्य झाले. ‘होय’ किंवा ‘नाही’ साठवायला एसक्यूएलमध्ये स्वतंत्र बूलियन प्रकार मात्र ओरॅकलने २३ व्या आवृत्तीतच दिला. तोवर बहुतेक टेबलांत एका अक्षराचा ‘वाय’ किंवा ‘एन’ हेच काम करत होते, आणि जुन्या ॲप्लिकेशनांत ते आजही करतात.