सुरवंटाने पाडलेलं भोक

समोर कागदांची चळत आणि हातात ऑफिसात असतं तसं पंचिंग मशीन. मुलांसाठी चित्रपुस्तकं करणारे अमेरिकन चित्रकार एरिक कार्ल सहज चाळा म्हणून चळतीला भोकं पाडत बसले होते. त्या भोकांकडे बघता बघता त्यांना पुस्तक पोखरत जाणारा किडा दिसला. त्यांनी त्याचं नाव ठेवलं विली, आणि विलीच्या एका आठवड्याची गोष्ट रचून ती संपादक अ‍ॅन बेनेड्यूस यांना दाखवली. कल्पना त्यांना आवडली, पण किड्यावर मुलांचा जीव जडेल असं वाटेना. मग सुरवंट चालेल का, असं त्यांनी विचारलं. सुरवंट म्हटल्याबरोबर कार्ल यांच्या तोंडून पुढचा शब्द निघाला: फुलपाखरू! गोष्टीला शेवट मिळाला होता.

‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ १९६९ साली आलं. इंग्रजीत त्याचे शब्द जेमतेम २२४ आहेत. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नासपती, असं करत शुक्रवारी पाच संत्री. शनिवारी केक, आइस्क्रीम, लोणचं, सलामी, कलिंगड असे दहा पदार्थ, आणि मग व्हायची ती पोटदुखी. आज त्याच्या ५ कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत आणि ६० हून अधिक भाषांत ते गेलं आहे. पण सुरुवातीला ते छापणंच अवघड होतं. सोमवारचं पान अरुंद, मंगळवारचं त्याहून थोडं रुंद, अशी चढत जाणारी पानं, आणि त्यांतून आरपार जाणारी भोकं. अमेरिकेतल्या छापखान्यांत हे काम परवडेना. शेवटी बेनेड्यूस यांनी जपानमध्ये छपाईची सोय केली आणि पहिली आवृत्ती तिकडून छापून आली.

भोकाचं पुस्तक ही कल्पना मात्र कार्ल यांच्यापासून सुरू झाली नाही. १९०८ साली अमेरिकेतल्या पीटर न्यूएल यांनी एक पुस्तक काढलं होतं. त्यात एका मुलाच्या हातून बंदूक सुटते, आणि गोळी प्रत्येक पानाला भोक पाडत, घराघरांत गोंधळ घालत जाते. अखेर तिला अडवतो तो एक दगडासारखा केक! इटलीत ब्रुनो मुनारी यांना आपल्या लहान मुलासाठी मनाजोगी पुस्तकं मिळेनात, म्हणून त्यांनी स्वतःच करायला घेतली. १९४५ मध्ये छापल्या गेलेल्या त्या पुस्तकांत पानावर छोटी पानं चिकटवलेली, ती उघडत जायचं. फिनलंडच्या तूवे यान्सन यांच्या १९५२ च्या पुस्तकात मूमिन हा त्यांचा कल्पित प्राणी दुधाची बरणी घेऊन घरी निघतो आणि पानांतल्या भोकांतून पुढचा प्रसंग आधीच डोकावतो.

ही सगळी पुस्तकं मला फार आवडतात. तरी कार्ल यांचं भोक मला वेगळं वाटतं. न्यूएल यांचं भोक बघायचं, यान्सन यांच्या भोकातून डोकावायचं, कार्ल यांच्या भोकात बोट घालायचं. दोन वर्षांच्या मुलाचं बोट त्यात नेमकं बसतं आणि ते बोटच सुरवंट होतं. ‘तीन आलुबुखार’ हे अजून मोजता येत नसलं, तरी तीनदा बोट घातल्याचं त्याला कळतं. वाचायचं खेळणं आणि हाताळायचं पुस्तक यांच्या मधली काहीतरी वस्तू करायची, असं कार्ल सांगत. घर सोडून शाळेत जाणं हा बालपणातला फार मोठा धक्का असतो आणि आपली पुस्तकं त्या दोन्हींच्या मधल्या वाटेवर उपयोगी पडावीत, अशी त्यांची धडपड होती.

हे त्यांना सुचलं ते स्वतःच्या अनुभवातून. त्यांचा जन्म १९२९ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमधला. आईवडील मूळचे जर्मन. तिथल्या बालवाडीत ऊन आत येणारा वर्ग, मोठाले कागद, जाड ब्रश आणि भडक रंग होते. वडील छोट्या एरिकला रानात फिरवायचे, दगड उचलून, झाडाची साल सोलून खालचे किडे दाखवायचे आणि पुन्हा अलगद जागच्या जागी ठेवायचे. १९३५ मध्ये कुटुंब जर्मनीत, श्टुटगार्टला परतलं. नव्या शाळेत सहा वर्षांच्या एरिकच्या हातावर बांबूची छडी बसली. मग युद्ध आलं. वडील सैन्यात गेले, रशियनांच्या कैदेत पडले आणि १९४७ च्या अखेरीस परतले तेव्हा त्यांचं वजन चाळीस किलोसुद्धा नव्हतं. एरिकला पंधराव्या वर्षी सीमेवर खंदक खणायला पाठवलं होतं. बॉम्बहल्ल्यांपासून लपवण्यासाठी शहरातल्या इमारती करड्या, तपकिरी, मळकट हिरव्या रंगवलेल्या होत्या. रंगांची ती उपासमार आपल्या मनात राहिली, असं ते पुढे म्हणत.

अशा दिवसांत क्राउस नावाच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी एरिकला घरी बोलावलं आणि एका पेटीतून लपवलेली चित्रं काढून दाखवली. पिकासो, मातीस, क्ले... नाझी सत्तेने ‘विकृत कला’ म्हणून बंदी घातलेल्या चित्रकारांची चित्रं. घोडा निळा असू शकतो, हे त्याला तेव्हापासून ठाऊक झालं. त्या शिक्षकांनी केवढी जोखीम घेतली होती, हे आठवलं की मला अजूनही भरून येतं.

१९५२ मध्ये खिशात चाळीस डॉलर घेऊन कार्ल अमेरिकेत परतले. चित्रकार लिओ लिओनी यांच्या मदतीने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये काम मिळालं, पुढे जाहिरातीच्या व्यवसायात बरीच वर्षं गेली. एका जाहिरातीतली त्यांची लाल शेवंडी मुलांसाठी लिहिणाऱ्या बिल मार्टिन यांनी पाहिली आणि आपल्या गोष्टीसाठी चित्रं मागितली. १९६७ च्या त्या पुस्तकात तपकिरी अस्वल आहे, जांभळं मांजर आहे आणि निळा घोडाही आहे.

पुढे खेळ वाढत गेला. १९८४ च्या पुस्तकातल्या कोळ्याचं जाळं पानावर उठावदार छापलेलं, ते पानागणिक बोटाला लागत वाढत जातं. १९९० च्या पुस्तकातला रातकिडा शेवटच्या पानावर खरोखर किरकिरतो, १९९५ चे काजवे चमकतात. चित्रांची पद्धत मात्र तीच राहिली: पतंगाच्या कागदासारखा पातळ टिश्यू रंगवायचा, कधी ब्रशने, कधी बोटांनी, कधी गालिच्याच्या तुकड्याने, वाळला की रंगांप्रमाणे खणात ठेवायचा, आणि लागेल तसा कापून चिकटवायचा. बालवाडीतल्या मुलालाही हे उद्या करून बघता येतं.

एक गंमत मराठीत सांगायलाच हवी. सुरवंटाच्या पुस्तकावर इंग्रजी वाचक आक्षेप घेत की पतंगाचा कोष आणि फुलपाखराचा कोष यांना वेगवेगळे शब्द आहेत आणि कार्ल यांनी पतंगाचा शब्द वापरला आहे. ते उत्तर देत की लहानपणी वडील मला ‘कोषातून बाहेर ये’ म्हणायचे, तेव्हा हाच शब्द असायचा. मराठीत दोन्हींना आपण सर्रास कोषच म्हणतो आणि कोषातून बाहेर येणाऱ्या माणसालाही तोच शब्द पुरतो.

२००२ मध्ये त्यांनी पत्नी बार्बरा यांच्यासह मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्टला चित्रपुस्तकांच्या कलेचं संग्रहालय उभं केलं. २०२१ च्या मे महिन्यात, वयाच्या ९१ व्या वर्षी, ते गेले. त्याआधी २०११ मध्ये त्यांनी आणखी एक पुस्तक केलं होतं. त्यात पिवळी गाय, लाल सुसर, काळं ध्रुवीय अस्वल आणि ठिपक्याठिपक्यांचं गाढव आहे. चित्रकार मूल पहिलंच चित्र काढतं ते निळ्या घोड्याचं, आणि पुस्तकाच्या शेवटी निळे घोडे रंगवणाऱ्या फ्रान्झ मार्क या जर्मन चित्रकाराची ओळख करून दिली आहे.