दोन टक्के म्हादई

चवथीला धारवाडहून आलेल्या मावसभावाने जेवता जेवता मोबाईलवर भागाकार करून दाखवला. कर्नाटकात उगम पावून गोव्यातून समुद्राला मिळणाऱ्या म्हादईचं वर्षाचं एकूण पाणी १८८ टीएमसी (अब्ज घनफूट). कर्नाटकाला कळसा आणि भांडुरा या तिच्या ओढ्यांतून वळवून पाहिजे ३.९. म्हणजे दोन टक्के. ''दोन टक्क्यांसाठी गोव्यात एवढा आरडाओरडा? बाकीचं समुद्रातच जातं ना?'' बाहेर पाऊस कोसळत होता, त्यामुळे पंगतीत कोणी वाद घातला नाही.

आकडे त्याचे बरोबर आहेत. म्हादई जलतंटा लवादाने ऑगस्ट २०१८च्या निवाड्यात ७५ टक्के विश्वासार्हतेचं, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी तरी मिळेलच असं, पाणी १८८.०६ टीएमसी धरलं आहे. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर. गडबड आहे ती छेदात. १८८ हा वर्षाचा आकडा, आणि नदी काही वर्षाच्या हिशोबाने वाहत नाही. ३.९ टीएमसी वर्षभर सारखं वाटलं तर सेकंदाला साडेतीन घनमीटर होतात. जुलैच्या पुरात एवढं कुठे गेलं ते कळणारही नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र अख्ख्या नदीत जे मोजके घनमीटर उरतात, त्यांच्याच पंक्तीत हा आकडा जाऊन बसतो.

उन्हाळ्यात नदी वाहते तरी कशावर? चार-पाच महिने आभाळातून थेंब नसतो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात वाळपईच्या पुढे एका सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या कडेला, चिऱ्याच्या कपारीतून एक झर येते. नोव्हेंबरात धारेखाली कळशी धरली की भरते. मे महिन्यात तिथली एक आजी कळशी लावून ठेवते आणि काजू वेचून येते. याच झरीत सगळं उत्तर आहे.

जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यातून खाली उतरतं, खालच्या शेडी मातीच्या, म्हणजे पाणी न झिरपणाऱ्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि उताराकडे सरकत सड्याच्या कडेला बाहेर पडतं. जमिनीतला साठा जितका भरलेला, तितका मागून रेटा जास्त. साठा उतरला की रेटाही उतरतो. म्हणून झर रोज ठरावीक लिटरने कमी होत नाही; कालच्या प्रवाहाच्या ठरावीक हिश्श्याने कमी होते. चक्रवाढ व्याजाचं गणित, फक्त उलटं. समजा घट रोज दोन टक्के आहे. ऑक्टोबरअखेरपासून मेअखेरपर्यंत २१० दिवस धरा. ०.९८ला स्वतःनेच २१० वेळा गुणलं की साधारण ०.०१४ येतं, म्हणजे सत्तरावा हिस्सा. आता घट तीन टक्के धरा: ०.००१७, सहाशेवा हिस्सा! रोजच्या एका टक्क्याने मे महिन्यातलं पाणी जवळपास नऊ पटींनी घटलं. (आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. प्रत्येक ओहोळाचा घटीचा दर वेगळा, आणि अशी घट सरळ दाखवणाऱ्या लॉग कागदावर त्याची रेघ उतरताना बघणं हा माझ्या लेखी उन्हाळ्यातला सर्वात स्वस्त आनंद.)

हा घटीचा दर ठरवणाऱ्या गोष्टींत जंगल एक. पण ''झाडं पाणी तयार करतात'' हे भाषणात ऐकलं की मला खाजवतं. झाडं पाणी पितात. जंगल तोडलं तर नदीतून वर्षाकाठी वाहणारं पाणी बहुतेक ठिकाणी वाढतंच. पालापाचोळा आणि मुळं मातीची तोंडं उघडी ठेवतात, त्यामुळे पाऊस जमिनीत शिरतो आणि सावकाश बाहेर येतो, हा जंगलाचा खरा उपकार. वार्षिक बेरजेत तो दिसतच नाही.

''आम्ही पावसाळ्यातलंच उचलू'' हा कर्नाटकाचा युक्तिवाद म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. पण उचलायला चर खणावा लागतो, आणि भरलेल्या जमिनीत खोल चर गेला की आजूबाजूचा साठा त्यातच पाझरतो. कळसा जिथे उगम पावतो त्या कणकुंबीला हे जास्तच नाजूक. त्याच परिसरात उगम पावणारी मलप्रभा कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते, आणि कळसा म्हादईकडे. पाणलोटाची सीमा तिथे गावाच्या कुंपणासारखी जवळ आहे.

गंमत म्हणजे कायद्याला हे कळलेलं दिसतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्याच्या कलम २९मध्ये २००२च्या दुरुस्तीने अभयारण्यात येणारा किंवा तिथून बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह वळवणं, अडवणं, वाढवणं यावर बंदी आली. टीएमसीचा उल्लेख नाही, शब्द आहे प्रवाह. मुख्य वन्यजीव रक्षकाचा परवाना मिळू शकतो, पण तो बदल वन्यजीवांच्या भल्यासाठी आवश्यक असेल तरच. शहराची तहान हे कारण त्यात बसत नाही. २०२२च्या दुरुस्तीने स्थानिकांचं पिण्याचं आणि घरगुती पाणी यातून स्पष्टपणे वगळलं. आजीची कळशी सुटली, शहराची पाइपलाइन अडकली.

जानेवारी २०२३मध्ये गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी याच कलमाखाली कर्नाटकाला नोटीस काढली. म्हादई अभयारण्य १९९९चं, २०८ चौरस किलोमीटरचं, प्रकल्पाच्या खालच्या अंगाला. धरण हद्दीबाहेर, परिणाम हद्दीत. त्याच वर्षी लवादाच्या निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी केंद्राने नेमलेल्या प्राधिकरणाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून नाव निघालं तेही 'प्रवाह'. त्यांनी मे महिन्यात मोजमाप करावं, एवढीच माझी मागणी.

आपलीही बाजू फार स्वच्छ नाही. पाण्याच्या खटल्यात अभयारण्य ही गोवा सरकारची ढाल. जुलै २०२३मध्ये उच्च न्यायालयाने तिथे व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितल्यावर तेच सरकार विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेलं. आणि उद्या आपणच सत्तरीत अभयारण्याच्या ओहोळावर बंधारा घालायला निघालो तर कलम हेच लागेल. फक्त तेव्हा नोटीस काढणारा आणि घेणारा दोघंही पणजीतच बसलेले असतील.