क्रेडिट स्कोअर नाही म्हणजे अमेरिकेत कर्ज नाही?

‘अमेरिकेत क्रेडिट स्कोअर नसेल तर परदेशी माणसाला घरासाठी कर्ज मिळतच नाही, सगळी रक्कम रोखच भरावी लागते,’ हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतोय. तो पटण्यासारखाही आहे, कारण नेहमीच्या गृहकर्जाला तिथे सहसा स्कोअर लागतो.

पण भाड्याने द्यायच्या घरासाठी ‘डीएससीआर’ नावाचं कर्ज असतं. त्यात तुमच्या पगारापेक्षा घराचं भाडं पाहतात. समजा भाडं महिना 2,200 डॉलर आणि हप्ता, मालमत्ता कर, विमा मिळून 2,000. भागाकार 1.1. आकडा एकच्या वर, म्हणजे घर आपला खर्च स्वतः पेलतं. काही कर्जदाते परदेशी खरेदीदारालाही हे कर्ज देतात. स्कोअरऐवजी मायदेशातल्या बँकेचं पत्र, खात्याचे उतारे मागतात. फुकट मात्र काही नाही: घराच्या किमतीच्या साधारण 25 ते 35 टक्के पदरचे घालावे लागतात, व्याजही चढं.

पडताळायचं कसं? दोन-तीन कर्जदात्यांच्या संकेतस्थळावर ‘फॉरेन नॅशनल’ (परदेशी नागरिकांसाठीच्या) कर्जाच्या अटी वाचा, मग व्याज, शुल्क, मुदतपूर्व फेडीचा दंड लेखी मागा. हा दंड बऱ्याचदा बारीक अक्षरांत दडलेला असतो.

दुबई-सिंगापूरच्या मराठी माणसाला एवढं पुरे. पुण्यात राहणाऱ्याची खरी अडचण वेगळीच, ती इथल्या कायद्याची. एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली वर्षाला 2,50,000 डॉलर पाठवता येतात, पण परदेशी कर्ज काढण्यावर फेमा या परकीय चलन कायद्याची बंधनं आहेत. सही करण्याआधी सीएला विचारा.