ब्रेक दाबणारा दुसरा पाय

एका मित्राने १९६० च्या दशकातली दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली. पुढे डिस्क ब्रेक (चाकासोबत फिरणाऱ्या चकतीला चिमटणारे), मागे ड्रम (फिरत्या पिंपाला आतून दाबणारे). पहिली चक्कर मारून आला आणि खुशीत म्हणाला, "ब्रेक एकदम ताठ आहेत रे. फक्त गाडी जरा उशिरा थांबते." या 'फक्त'ला काय म्हणावं ते मला कळेना.

पेडल कडक म्हणजे ब्रेक दमदार, हा समज भलताच चिवट आहे. मऊ पेडलाचा रोग निदान लपत तरी नाही. पेडल स्पंजासारखं लागलं तर बहुतेक वेळा पाइपात हवा शिरलेली असते. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, आणि पायाचा जोर बुडबुडे चेपण्यात वाया जातो. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसत गेलं, तर मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडलाच्या जोराने ऑइल पाइपात ढकलणाऱ्या नळकांड्याचं, सील गेलेलं असतं किंवा कुठेतरी गळती असते. कडक पेडल मात्र ठणठणीत असल्याचा आव आणतं.

यामागची गोष्ट ड्रमपासून सुरू होते. ड्रम ब्रेकचा पुढचा शू (आतून दाबणारी कमानदार पट्टी) ड्रमला टेकला की फिरता ड्रमच त्याला आणखी घट्ट ओढून घेतो, म्हणजे चाक स्वतःच स्वतःला थांबवायला मदत करतं. पण ड्रम तापला की पकड ढिली पडते. डिस्क उघड्यावर असते, लवकर निवते. १९५३ साली ले मान्सची २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वार सी-टाइपने जिंकली आणि पुढे स्पोर्ट्स कारमध्ये डिस्क रुळली. मात्र डिस्क तिला चिमटणाऱ्या पॅडला स्वतःहून ओढून घेत नाही. सगळा जोर बाहेरून द्यावा लागतो. हलक्या गाडीत तो पायाने भागतो, म्हणून काही जुन्या गाड्यांचं पेडल मुळातच जड असतं आणि तो दोष नव्हे. बाकीच्या गाड्यांत मदतीला येतो बूस्टर.

बूस्टर म्हणजे पत्र्याचा चपटा डबा आणि त्याच्या मधोमध रबरी पडदा. डब्यातून एक नळी इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या वाटेला, जाते. थ्रॉटल (त्या वाटेच्या तोंडाची झडप) बंद असताना पिस्टन हवा खेचत असतात पण हवेला वाट नसते, त्यामुळे तिथला दाब बाहेरच्या दाबाच्या निम्म्याहूनही खाली येतो. एरवी पडद्याच्या दोन्ही बाजूंना हाच कमी दाब, म्हणजे व्हॅक्यूम, असतो. पेडल दाबलं की एक झडप उघडते आणि पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा शिरते, आणि पडदा मास्टर सिलिंडरकडे रेटला जातो.

व्हॅक्यूम ओढतो असं आपण म्हणतो खरं, पण तो काहीच ओढत नाही, ढकलते ती हवा. पडदा २० सेंटीमीटर व्यासाचा धरला तर क्षेत्रफळ होतं सुमारे ३१४ चौरस सेंटीमीटर. दर चौरस सेंटीमीटरवर ०.६ किलोचा फरक धरला, तर जोर येतो जवळपास १९० किलो! सतराव्या शतकात ओटो फॉन गेरिके यांनी हवा काढून घेतलेले दोन अर्धगोल घोड्यांकडून ओढवले, तरी ते सुटेनात. तीच हवा इथे तुमच्या पायाशेजारी दुसरा पाय ठेवून उभी असते.

गंमत पुढे आहे. इंजिन जास्त तेज व्हावं म्हणून कुणी रेसिंगचा कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसवतो. त्यात इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जास्त वेळ एकदम उघडे राहतात, आयडलवर, म्हणजे इंजिन नुसतं संथ चालू असताना, मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम घटतो आणि बूस्टरचा जोरही. ताकद वाढवली इंजिनाची, अशक्त झाले ब्रेक. तीच तऱ्हा मोठ्या व्यासाच्या मास्टर सिलिंडरची. व्यास १९ मिलिमीटरवरून २२ वर नेला, तर पायाच्या तेवढ्याच जोराला पाइपातला दाब पाव हिश्शाने कमी होतो. पेडल मात्र आणखी कडक लागतं, म्हणून मालक खूश! आणि रेसिंगचे पॅड? त्यातले बरेचसे तापल्याशिवाय नीट पकडतच नाहीत. रोजच्या रस्त्यावर ते तापायचे कधी?

बूस्टर तपासायला एक पैसा लागत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, म्हणजे डब्यात साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करायचं. बूस्टर जिवंत असेल तर पेडल पायाखाली किंचित खाली सरकतं. सरकलं, तर संशय पुढच्या गोष्टींवर: काचेसारखे गुळगुळीत झालेले पॅड, आतून फुगलेल्या रबरी नळ्या, किंवा कॅलिपरमध्ये (पॅड दाबणाऱ्या चिमट्यात) गंजून अडकलेले पिस्टन. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत हा गंज हमखास.

मित्राच्या गाडीत पेडल तसूभरही हललं नाही. मॅनिफोल्डकडे जाणारी नळी हातात घेतली तर रबर वाळक्या फांदीसारखं. जरा वाकवली आणि क्लिपजवळची चीर तोंड उघडून हसली. इंजिन व्हॅक्यूम बनवत होतं, पण तो बूस्टरपर्यंत पोचतच नव्हता.

नवी नळी टाकून तो पुन्हा चक्कर मारून आला. उतरता उतरता म्हणाला, "थांबते छान, पण पेडल मऊ झालंय रे. काही बिघडलं का?"